एक कोयता

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटाच गडी निघाला तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं अशीच मोजली जातात: या वाडीचे सोळा कोयते, त्या तांड्याचे साडेनऊ. आमच्या गावात मी कुठे एकटा दिसलो की अजूनही कुणीतरी विचारतं, "का मास्तर, आज अर्धाच कोयता?" दुसरा अर्धा म्हणजे बुवा. पहिलीपासूनचा माझा मित्र, आता कीर्तनकार, आणि आमच्या संस्थेचा अध्यक्ष. मी सचिव. अध्यक्षाने कीर्तनं करायची आणि सचिवाने ऑडिटरच्या शिव्या खायच्या, अशी आमची घटना आहे. धर्मादाय कार्यालयात दाखल केलेली वेगळी.

गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या रांगेत. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यातली माणसं रोज भेटतात. जमीन मुरमाड, पाऊस लहरी. दसऱ्याच्या आसपास उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, वाटली जाते, दिवाळी उरकली की ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात, आणि आठवड्याभरात गाव म्हातारं होतं. ओट्यावर आजी-आजोबा, दारांना कुलपं, गल्लीत कुत्री. माणसं जातात पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, आणि परततात ती पाडव्याच्या मागेपुढे, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की.

बुवाचे आईवडील एक कोयता होते. माझे चुलते, तात्या, मुकादम होते. कारखान्याचा पैसा तात्यांच्या हातून बुवाच्या घरी उचल म्हणून जायचा, आणि त्यावरचं कमिशन आमच्या घरी राहायचं. माझी फी, माझी सायकल, माझं बी.एड. सगळं त्यातून झालं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी मोठ्या तोंडाने काही बोललो तर वाचणाऱ्याला ते आठवावं.

तिसरीपासून बुवा दिवाळीनंतर वर्गात नसायचा. फडावर धाकट्या बहिणीला सांभाळायचा, वाढं गोळा करायचा, कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चूल पेटवून ठेवायचा. उन्हाळ्यात यायचा तेव्हा आम्ही अपूर्णांकातून दशांशात गेलेले असायचो. गुरुजी दयाळू होते. त्याला वर ढकलायचे. पाचवीत मला एक युक्ती सुचली. तात्या उचलीच्या पावत्या करायचे त्या पुस्तकातला निळा कार्बन मी पळवला आणि वहीच्या दोन पानांमध्ये घालून लिहायला लागलो. वरचं पान माझं, खालचं निळं बुवाचं. पंधरा दिवसांची पानं साठली की कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती द्यायचो. किती पोचली, किती वाटेत बिड्या पेटवायला गेली, कोण जाणे. पोचलेल्यांतलीही काही दवात भिजून फुटायची. बुवा म्हणतो, त्याला महाराष्ट्राचा नकाशा अजून निळाच दिसतो. तीन हंगाम मी दाबून लिहिलं, म्हणून आजही माझं अक्षर कागदाला पलीकडून टोचतं.

त्याचा काही मोठा उपयोग झाला नाही. बुवा दहावीला गणित आणि इंग्रजीत गेला आणि आळंदीला निघून गेला. जोगमहाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तिचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग चार वर्षं एका शाळेत बसलो, असं तो म्हणतो, आणि ते म्हणताना हसत नाही. मी तालुक्याच्या हायस्कुलात शिक्षक झालो. तो माळकरी, मी देवळात गेलो तर खांबाला टेकून बसणारा. त्याच्याइतकी माझी श्रद्धा नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि माझ्याइतका त्याचा कायद्यावर भरवसा नाही हे मला.

१ एप्रिल २०१०ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आम्हा शिक्षकांना वस्तीवस्तीवर शालाबाह्य मुलं शोधायला पाठवलं. आमच्याच गावची यादी मी केली: सत्तावीस नावं, आणि कारणाच्या रकान्यात सत्तावीस वेळा 'स्थलांतर'. संध्याकाळी बुवाच्या ओसरीवर ती यादी दाखवली. त्याने चष्मा लावून ती वाचली, कागद उलटा करून मागे पाहिलं, आणि म्हणाला, "ह्यात मव्हं नाव ऱ्हायलं."

संस्था त्या रात्री सुरू झाली असं मी भाषणात सांगतो. खरं म्हणजे पुढे वर्षभर आम्ही भांडत होतो. बुवाला हवं होतं की पोरांवर संस्कार व्हावेत: हरिपाठ, आईवडिलांना नमस्कार, व्यसनापासून दूर. मला हवं होतं की त्यांना भागाकार यावा. नोंदणीसाठी बीडला गेलो तेव्हा बुवाने उद्देशपत्रात पहिलं वाक्य स्वतः लिहून आणलं होतं: मुलांना कुटुंबाचे व धर्माचे संस्कार देणे. वकिलांचा कारकून वयस्कर होता, तोंडात तंबाखू. त्याने ते वाक्य वाचलं, उठून बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "महाराज, १९५०च्या विश्वस्त कायद्यात ९वं कलम आहे. गरिबी निवारण, शिक्षण, औषधोपचार हे धर्मादाय. निव्वळ धर्माची शिकवण आणि पूजा त्यात बसत नाही. शिक्षण लिहा. बाकी काय करायचं ते करा." माळकऱ्यासमोर तंबाखू थुंकून आलेल्या माणसाने त्याचं वाक्य खोडलं, आणि बुवा नुसता मान हलवत होता. परतीच्या एसटीत म्हणाला, "बरोबर हाये त्याचं. संस्कार लिहून कुठं व्हत्यात?" हे मला वर्षभर आधी सुचलं असतं तर किती भाडं वाचलं असतं.

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं लागतात. आम्ही दोघं, निवृत्त मुख्याध्यापक, किराणा दुकानदार, शिंपी, बुवाची बायको म्हणजे वहिनी, आणि तात्या. तात्यांना घ्यायचा हट्ट माझा होता. मुकादमाने नुसतं 'लेकरू मागं ठेव' म्हटलं तरी चाळीस घरं ऐकतील, हे माझं गणित. बुवा म्हणाला, "तुला मुकादमबी पाह्यजे आन् शाळाबी." मी म्हणालो, कुटुंब कुटुंब तूच म्हणतोस ना, हे माझं कुटुंब. तो गप्प बसला. वहिनींना घेतलं ते सातवी सही हवी म्हणून. बैठकीत त्या चहा आणायच्या आणि इतिवृत्तावर सही करायच्या. सहा वर्षं आम्ही त्यांची सही घेतली. मत एकदाही घेतलं नाही.

वर्ग देवळाच्या सभामंडपात सुरू केला. साडेसहाला हरिपाठ, सातला अभ्यास, भारनियमन असेल तर कंदील. हरिपाठाचे सत्तावीस अभंग, त्याला अर्धा तास. मी घड्याळाकडे बघत बसायचो. तेवढ्यात माझी पाच गणितं झाली असती. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मी बुवाला बरेच महिने सांगितली नाही. चौथी-पाचवीतली जी पोरं ओळ वाचू शकत नव्हती, त्यांना हरिपाठ तोंडपाठ होता. त्यांच्या हाती मोठ्या अक्षरांची पोथी दिली आणि म्हणताना शब्दावर बोट ठेवायला लावलं. पाठ असलेला शब्द आणि समोरचं अक्षर यांची गाठ पडायला लागली. फाल्गुनापर्यंत सहा पोरं पोथी सोडून वर्तमानपत्राचे मथळे वाचत होती. डी.एड., बी.एड.ला कुणी मला हे शिकवलं नव्हतं. ऑडिटरने मात्र पोथ्यांचं बिल बघून भुवया वर केल्या: आयकराची ८०जीची सवलत हवी तर धार्मिक खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा. मग त्यानेच त्या 'वाचनसाहित्य' या सदरात टाकल्या. माझ्या मते ते सदर बरोबरच होतं.

दुसरी गोष्ट बुवाच्या ध्यानात आली, माझ्या नाही. एक मुसलमान पोरगा रोज सातच्या आधी यायचा आणि हरिपाठ संपेपर्यंत पायरीवर बसायचा, थंडीत हात काखेत घालून. आणि वरच्या वस्तीतलं, दलित घरांतलं, एकही लेकरू येत नव्हतं. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. मी हजेरीपट भरत होतो, आलेल्यांची नावं लिहीत होतो. हजेरीपटात न आलेल्यांना रकाना नसतो. बुवाने एका रात्री सतरंज्या गुंडाळल्या, डोक्यावर घेतल्या आणि जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात नेऊन टाकल्या. "हरिपाठ देवळात. ज्याला यायचं त्यानं यावं. अभ्यास हितं, समद्यांनी यायचं." दुसऱ्या दिवशी तो स्वतः वरच्या वस्तीत गेला, एका घरी भाकरी मागून खाल्ली आणि मग लेकरं मागितली. देवळाच्या मंडळींना हे रुचलं नाही. सप्ताहाच्या वर्गणीतून उरलेलं धान्य आम्हाला मिळायचं, ते त्या वर्षी मिळालं नाही. वीस पोरांच्या खिचडीचा प्रश्न पडला. बुवाने कीर्तनाच्या बिदागीतून तांदूळ आणला आणि मला हिशेबात 'गुप्तदान' लिहायला लावलं. गुप्तदानाची पावती कुणाच्या नावाने फाडायची, हे ऑडिटरने मला विचारलं, बुवाला नाही.

मोठ्या कंपनीचा सामाजिक निधी मिळवण्याचाही एक प्रयत्न झाला. पुण्याहून दोन तरुण मुलं आली, चांगली होती बिचारी. मूल्यशिक्षणाचा परिणाम मोजणार कसा, असं त्यांनी विचारलं. बुवा म्हणाला, तीस वर्षांनी या. ती आली नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

एक मुलगी होती. वर्गात सगळ्यांत हुशार म्हणावी अशी नव्हे, पण चिवट. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली, नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर. नववीत तिला महिना ५०० रुपये मिळायचे, दहावीत गेली त्या वर्षीपासून शिष्यवृत्तीच १००० झाली. पहिले पैसे आले तेव्हा तिने चकचकीत कंपास घेतली होती आणि ती कुणाला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी धाकट्या पोरांना पाढे घ्यायची. माझ्यापेक्षा कडक.

२०१७ची दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं, आणि तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात येऊन कंपास माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "सर, ही दुसऱ्या कुणाला द्या." बस्स. रडली वगैरे नाही.

चौकशी केली तेव्हा कळलं: आठ दिवसांनी लग्न. मुलगा शेजारच्या वाडीचा, वीस वर्षांचा, अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला उचल कोण देणार? जोडी झाली की लाखाच्या घरात. आणि ती उचल देणारा मुकादम म्हणजे तात्या, आमच्या संस्थेचे सन्माननीय सदस्य.

मी तात्यांकडे गेलो. ते म्हणाले, मी पैसे देतो, लग्नं जुळवत नाही. हे खरंही होतं. बुवा मुलीच्या घरी गेला, एकदा नाही, तीनदा. बापाच्या पुढ्यात टोपी ठेवली. मुलगी ही ठेव आहे, परीक्षा मार्चमध्ये आहे, वर्षभर थांब. बाप मान खाली घालून ऐकायचा आणि म्हणायचा, "बुवा, पत्रिका छापल्यात." मी बुवाला म्हणालो, आता फोन करायचा. मुलगी अठराच्या आत, मुलगा एकविसाच्या आत, २००६चा कायदा आहे, गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. बुवा म्हणाला, "फोन केलास तर लगीन थांबंल. घर बी तुटंल. पुन्ना एक बी पोरगी आपल्याकडं कोण धाडणार न्हाई." मी म्हणालो, म्हणजे एका पोरीचा बळी देऊन बाकीच्या राखायच्या? तो म्हणाला, तुला घर म्हणजे काय ते कळायचं नाही, तुझं घर कधी ट्रकात चढलं नाही.

हे त्याने म्हणायला नको होतं. किंवा फार पूर्वीच म्हणायला हवं होतं.

शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून मी चाइल्डलाइनचा १०९८ फिरवला. हळदीच्या दिवशी ग्रामसेवक आणि दोन पोलीस आले. मांडव उतरला, बापाने हमीपत्रावर अंगठा केला, ज्यांनी पत्रिका वाटल्या होत्या त्यांनी त्या गोळा केल्या. मला वाटलं जिंकलो. पंधराव्या दिवशी ते घर ट्रकात चढलं, मुलगीही. लग्न तिकडेच झालं, कारखान्याच्या आवारात. कार्यक्षेत्राबाहेरून कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या उसाला गेटकेन म्हणतात. तिकडे घाईने उरकलेल्या लग्नालाही आमच्याकडे तेच नाव आहे. आणि बुवा म्हणाला होता तसंच झालं. पाच मुली वर्गाला यायच्या थांबल्या. व्हरांड्यात एका बाजूची सतरंजी रिकामी दिसायला लागली.

त्या हंगामात बुवा माझ्याशी बोलला नाही. बैठकीला यायचा, इतिवृत्तावर सही करायचा, चहा न घेता उठायचा. काही निरोप असला तर पोराच्या हाती चिठ्ठी. लहानपणी मी पाठवायचो, तशीच. फरक इतकाच की ही चिठ्ठी काळ्या शाईत असायची. गावाला मजा वाटली असावी. मला चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कळलं की आपल्याला दुसरा मित्रच नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी त्या मुलीची आजी माझ्या दारात आली. शिष्यवृत्तीच्या खात्याचं पुस्तक घेऊन, याचं आता काय करायचं म्हणून. मी तिला बसवलं. ती ओट्यावर न बसता खाली बसली आणि पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमचं बी ऐकलं, बुवाचं बी ऐकलं. तुमी म्हनले कायदा, बुवा म्हनले पाप. रातच्याला दाराची कडी वाजली तर उठून कोण बगंल, हे कोनीच न्हाई म्हनलं. मला एका डोळ्यानं दिसत न्हाई. जवान पोरगी सा महिनं मह्या भरवशावर."

सरकारची हंगामी वसतिगृहं तेव्हाही होती. लेकराला शाळेत दोन वेळा जेवण, आणि रात्री झोपायला नातेवाइकांकडे, बहुधा आजीकडेच. आमच्या वर्गाचंही तेच: नऊला सुट्टी, मग ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं. कुटुंबाचे संस्कार असं आम्ही मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं, आणि रात्री नऊ ते सकाळी सहा त्या कुटुंबात एक अर्धी आंधळी म्हातारी आणि एक कडी, एवढंच असतं, हे आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. बुवा तर स्वतः कोपीत वाढलेला. पण तो मुलगा होता.

मी उठून थेट बुवाच्या घरी गेलो. तो टाळांची दोरी बदलत होता. आजीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, दुसरं काही बोललो नाही. त्याने दोरी खाली ठेवली. बराच वेळ दोघंही तसेच. मग आतून, चुलीजवळून, वहिनी म्हणाल्या, "माडीवर अकरा जणी मावत्यात. मी मोजून ठेवलंय." कधी मोजलं, असं बुवाने विचारलं. "तुमी दोघं भांडत व्हते तवा."

पुढच्या दिवाळीला चार मुली आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. माडीला नवी कडी, आतून. अंगणात संडास आणि दिवा, त्यासाठी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढलं; बायको अजून ते काढते, बोलण्यात. घरात पुरुष माणूस नको म्हणून बुवा स्वतः दिवाळी ते पाडवा देवळात झोपायला लागला. गावाला वाटलं त्याला वैराग्य आलं. त्याला थंडी वाजायची. वहिनी तिन्हीसांजेला दाराला आतून कडी घालायच्या, आणि कुणी वाजवली तर आधी नाव विचारायच्या, अगदी बुवालाही. भांडणं, उवा, चोरलेले कंगवे, पाळीचे कपडे, एकीचं रात्री झोपेत चालणं, हे सगळं त्यांनी कसं निभावलं ते त्यांनीच लिहायला हवं. मी विचारलं तर म्हणतात, त्यात काय लिहायचं.

बुवाने आणखी एक गोष्ट केली, ती मला आधी सांगितली नव्हती. पुढच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला, अख्खं गाव आणि पंचक्रोशी समोर असताना, त्याने सांगितलं की अठराच्या आतल्या मुलीच्या लग्नावर ज्या घरात उचल आली त्या घरी तो कीर्तन करणार नाही, आणि ज्याने दिली त्याच्याही घरी नाही. नाव घेतलं नाही. गरज नव्हती. तात्या पुढच्या रांगेत होते. उठले, उपरणं झटकलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्यावर सचिव म्हणून सही माझी. चुलत्याचं नाव 'कमी झालेले सदस्य' या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, नेहमीसारखं दाबून. तात्या त्यानंतर माझ्या घरी आले ते माझ्या आईच्या दहाव्यालाच. बुवाच्या त्या वर्षी बऱ्याच तारखा गेल्या. बिदागी निम्म्यावर आली. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. मला कळलं ते 'गुप्तदान' आटलं म्हणून.

फोन करायला नको होता का? मला अजूनही वाटतं, करायलाच हवा होता. बुवाला अजूनही वाटतं, करायला नको होता. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि होईल असं दिसत नाही. माडी मात्र दोघांचीही नव्हे, आजीची आणि वहिनींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आमच्या जिल्ह्याचा आकडा आला: वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं. मी तो बुवाला कीर्तनात सांग म्हणालो. तो म्हणाला, कीर्तनात टक्के चालत नाहीत, गल्लीतली नावं चालतात. आणि नावं घ्यायची नाहीत, हेही त्यानेच ठरवलंय. मग सांगतो काय, ते ऐकायला हवं.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कोयते फडावरच अडकले. माडीवरच्या मुली आईबाप परत येईतो वहिनींकडेच राहिल्या. रोज संध्याकाळी अकरा जणींमध्ये एक मोबाईल, प्रत्येकीला तीन मिनिटं. वेळ मी मोजायचो आणि शिव्या खायचो. २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. बुवाला नावाचा आनंद झाला, मला मुलींच्या निम्म्या वाट्याचा. तरीही आमची माडी चालूच आहे. लहान मुलींना आई-आजी गावाबाहेर धाडायला तयार नसतात.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, ट्रक लागण्याच्या आदल्या दिवशी, मी बुवाच्या ओसरीवर नवीन मुलींचे अर्ज भरून घेत होतो. रांगेत एक बाई उभी, कडेवर लेकरू, बोटाला दहा-अकरा वर्षांची मुलगी. मी मान वर न करता विचारलं, मुलीचं नाव? उत्तर आलं तो आवाज पाढे घेणाऱ्या मुलीचा होता.

आजी गेल्याचं तिने सांगितलं. आईबाप पुढच्या ट्रकाला, ती आणि नवरा मागच्या. धाकट्या बहिणीला इथे ठेवायचं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो. काय ते मलाच ठरलेलं नव्हतं. तिने अर्ज ओढून घेतला आणि स्वतः भरायला लागली. अक्षर तसंच, उभं. 'पालकाचे नाव' या रकान्यात तिने बापाचं नाव लिहिलं नाही, स्वतःचं लिहिलं, नात्याच्या जागी 'बहीण', आणि शिक्षणाच्या जागी 'दहावी (परीक्षा दिली नाही)'. कंस सुद्धा घातले.

मग पेन परत देताना म्हणाली, "सर, मव्ही कंपास?"

"दिली गं," मी म्हणालो. "तूच म्हणाली होतीस."

"कुणाला?"

मी नाव सांगितलं. ती पोरगी तेव्हा बारावीला होती.

"बरं केलं," ती म्हणाली, आणि बहिणीच्या केसांतली रिबीन घट्ट करायला लागली. आतून वहिनी ओरडल्या, की सगळ्यांनी आधी जेवून घ्या, कागद पळून चालले नाहीत. बुवा दारात पथारी गुंडाळत होता, देवळात जायला.